देठ खुडणारे देवरे सर

देवरे सर निवृत्त झाले त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर चार चांगले शब्द लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. संपादकबाई म्हणाल्या, "चौधरी मॅडम, तुम्ही चौदा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलात. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार?" ओळखत होते, हीच तर पंचाईत होती. चारांपैकी दोन शब्द सापडले, वक्तशीर आणि निर्व्यसनी. बाकीचं पाहुण्याच्या ताटात वाढतात तसं गोडगोड वाढून मी मोकळी झाले. अंकात जे लिहिता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

आमचं कॉलेज नंदुरबारात. जिन्याखाली एक खोली आहे, तिथे पूर्वी खेळाचं सामान ठेवत. एके वर्षी बॅटी आणि जाळ्या बाहेर काढून दारावर 'प्लेसमेंट सेल' अशी पाटी लागली. आत दोन टेबलं, एक संगणक आणि उन्हाळ्यात कागद खाणारा एक प्रिंटर. संगणकावर मी. दुसऱ्या टेबलावर सेलचे प्रमुख प्रा. व्ही. के. देवरे, वाणिज्य शाखा. कॉलेजातून कुठेही नोकरीला अर्ज जायचा तो या खोलीतून. मुलं त्याला बायोडाटा म्हणत. सर रेझ्युमे म्हणत आणि समोरच्यानं बायोडाटा म्हटलं की दाढ दुखल्यासारखे डोळे मिटून घेत.

सरांच्या मागे भिंतीत एक खिळा होता. त्यावर त्यांचा टाय लटकत असे, गाठ मारलेलाच. सकाळी आले की खिळ्यावरून काढायचा, डोक्यातून घालायचा आणि गाठ वर सरकवायची. बैलाच्या गळ्यात दावं घालतात तितकाच वेळ लागायचा. मे महिन्यात नंदुरबारची जमीन तव्यासारखी तापते, रिक्षावाले दुपारी रिक्षा झाडाखाली लावून झोपतात, पण सरांच्या गळ्यातला टाय उतरत नसे. गळ्याला घामोळं आलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "सर, आज कोणी यायचं नाहीये. काढून ठेवा की." त्यांनी बडीशेपेची डबी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाले, "मॅडम, समोरचा बघत असतो."

हे त्यांचं ब्रीद. समोरचा बघत असतो. हा समोरचा कोण ते त्यांनी कधी सांगितलं नाही. समोर तर मीच असायचे.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "देठ खुडा." नंदुरबारची लाल मिरची मुलांना समजावून सांगावी लागत नाही. गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर लालभडक गालिचे पसरलेले असतात आणि बायका तोंडाला फडकी बांधून देठ खुडत बसतात. सर हिरव्या शाईचं पेन उचलत आणि मुलाच्या कागदावर तोडणी सुरू करत. "देठासकट मिरचीला भाव येतो का रे? नाही ना? मग हे गावाचं नाव कशाला? वडील शेतमजूर, कशाला? हे काय, होळीत ढोल वाजवतो? खुडा, देठ खुडा!" मूल मान हलवायचं. पाच मिनिटांत दोन पानांचा कागद अर्ध्या पानावर यायचा, आणि मग उरलेली अर्धी जागा भरायला सरांचा नमुना होताच.

खरं सांगायचं तर काही वेळा ते बरोबर असत. आमची मुलं नोकरीचा कागद लग्नाच्या कागदासारखा लिहीत. वर गणपतीचं नाव, मग उंची, रंग गहूवर्णी, मामाचं गाव, कुलदैवत. एकानं तर 'अपेक्षा' म्हणून सुद्धा लिहिलं होतं. ते कापायलाच हवं होतं. कागद एकाच पानाचा असावा, मोबाइल नंबर वर असावा, जे आधी केलं ते शेवटी लिहावं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. शिवाय या कामाचा त्यांनी कुणाकडून एक पैसा घेतला नाही, रविवारीही येऊन बसत. पण ज्याला कापताच येतं त्याला कुठे थांबावं ते कळत नाही. कुलदैवत कापणाऱ्या पेनानं ते माणूसही कापत.

नमुना माझ्या संगणकात होता. नाव बदलायचं, मार्क बदलायचे, बाकी सगळं तेच. ध्येय, नामांकित संस्थेत काम करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देणे. गुण, कष्टाळू व सकारात्मक. दोष, काम परिपूर्ण झाल्याशिवाय चैन पडत नाही. छंद, वाचन, संगीत व क्रिकेट. भाषा, मराठी, हिंदी, इंग्रजी. खाली वरील माहिती खरी असल्याची ग्वाही. हे सगळं इंग्रजीत. फोटोसाठी कपाटात एक कोट होता, सरांच्या मापाचा. किडकिडीत मुलांना तो घातला की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळायचा. गळ्यात तोच खिळ्यावरचा टाय. मुलगा धडगावचा असो की शहाद्याचा, फोटोत एकच कोट, एकच टाय आणि वर वेगवेगळी घाबरलेली तोंडं.

एकदा सुरतेहून एका कंपनीचे साहेब मुलाखती घ्यायला आले. सरांनी त्यांच्यासमोर चाळीस रेझ्युमे ठेवले, कडा जुळवून. साहेबांनी पहिला वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला त्यांचा चेहरा बदलला. चाळीसच्या चाळीस मुलं कष्टाळू, सकारात्मक, वाचन, संगीत व क्रिकेट. त्यांनी एका मुलाला विचारलं, "वाचन का शौक है? पिछला क्या पढा?" मुलगा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "सर, हा कागद वाचला. बाहेर बसलो होतो तेव्हा." साहेब हसून हसून लाल झाले आणि त्यांनी त्या दिवशी फक्त त्या एकाच मुलाला घेतलं. बाकीचे एकोणचाळीस आपापला कोटातला फोटो घेऊन घरी गेले. संध्याकाळी सर प्राचार्यांना सांगत होते, "सर, आपला फॉर्मॅट क्लिक झाला." मी प्रिंटरमधून अडकलेला कागद ओढत होते. तो कागद सरांच्या तोंडात कोंबावा असं मला वाटलं.

माणूस स्वतःचेही देठ खुडून बसला होता, हे मला कळलं ते त्यांचे थोरले भाऊ आले तेव्हा. सर मूळचे साक्रीकडच्या खेड्यातले. मी ब्राह्मणपुरी गावची, घरी आम्ही अहिराणीच बोलतो. पण सरांच्या तोंडून 'आहे'च्या जागी एकदाही 'शे' ऐकला नव्हता. त्या दिवशी खोलीत बँकेचे एक अधिकारी चहा पीत बसले होते. दारात धोतर-टोपीतला म्हातारा उभा राहिला, हातात पिशवी. चेहरा सरांचाच, फक्त उन्हात राहिलेला.

"वसंता! काय करी ऱ्हायना रे?" म्हातारा मोठ्यानं म्हणाला. "दिवाईले बी उना नही. माय तुन्ही याद करी ऱ्हायनी. तुन्हासाठे शेंगा लई उनू."

दिवाळीलाही आला नाहीस, आई आठवण काढते, तुझ्यासाठी शेंगा आणल्यात, असं तो सांगत होता. सरांचा हात टायच्या गाठीवर गेला. ते म्हणाले, "आपण जरा बाहेर बसता का? मी येतोच." सख्ख्या भावाला आपण! बँकेच्या साहेबांनी विचारलं, कोण? सर म्हणाले, "गावाकडचे ओळखीचे आहेत." म्हातारा तासभर जिन्यात बसला. सर काही बाहेर गेले नाहीत. शेवटी तो पिशवी आमच्या शिपायाकडे देऊन बसस्टँडकडे निघून गेला. शिपायानं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, सख्खा भाऊ शे तो सरस्ना. मी त्यास्नं गाव देखेल शे." शेंगा सरांनी नेल्या नाहीत. मी आणि शिपायानं त्या आठवडाभर खाल्ल्या. चांगल्या भरलेल्या शेंगा होत्या.

आता रमिलाचं सांगते. त्यासाठीच तर हे सगळं लिहिते आहे.

रमिला वसावे मणिबेलीच्या बाजूची. तिचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, वर टेकाडावर चार घरं उरलेली. घरी जायचं तर जीप, मग पायवाट, मग होडी. ती नंदुरबारला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. झाली. परीक्षा संपल्यावर माझ्याकडे आली ती हातात वहीचा एक फाडलेला कागद घेऊन. नर्मदाकाठच्या गावांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेला एक मुलगी हवी होती. बोटीतून गावोगाव जाऊन बायांशी बोलायचं, गरोदर बायांना दवाखान्यापर्यंत आणायचं, डॉक्टर काय म्हणतात ते समजावायचं. रमिला म्हणाली, "मॅडम, हे नाही झालं तर दिवाळीनंतर मला बापासोबत गुजरातला ऊस तोडायला जावं लागेल. यंदा कोयता घेतलाय त्यानं दोघांचा." कोयता घेणं म्हणजे मुकादमाकडून उचल घेऊन जोडीनं मजुरीला बांधून घेणं. दुसरा कोयता तिच्या नावावर होता.

तिनं कागदावर स्वतःच्या अक्षरात काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. 'मी दहावीपासून बोटीच्या दवाखान्यात नर्सताईंसोबत जाते. म्हाताऱ्या बायांना मराठी येत नाही, मी भिलीतून सांगते. माझ्या मावशीला कळा आल्या तेव्हा मी तिला होडीतून आणलं, बाळ जगलं. मला होडी वल्हवता येते. चौदा गावांत मला लोक ओळखतात.' एवढंच. सरांच्या चाळीस रेझ्युम्यांपेक्षा ते पाच ओळींचं पान मोठं होतं. नोकरी मागणाऱ्या कागदानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, हा माणूस आमच्या काय कामाचा? रमिलानं ते कुणी न शिकवता दिलं होतं.

सरांनी हिरवं पेन उघडलं. "होडी वल्हवता येते! अगं, नोकरी मागतेस की यात्रेत होडी चालवायचा धंदा?" खुडलं. "मावशी? कळा? छी, हे काय लिहायचं असतं?" खुडलं. "भिली. हे बघ बेटा, समोरचा बघत असतो. भिली म्हटलं की तो म्हणणार, हिला धड मराठी येत नसेल. भाषा तीनच लिहायच्या, मराठी, हिंदी, इंग्रजी." खुडलं.

रमिला म्हणाली, "पण सर, तिकडे सगळे भिलीच..."

"देठ खुड बेटा, देठ."

मी टाइप केलं. हे लपवून उपयोग नाही. छंदाच्या जागी वाचन, संगीत व क्रिकेट मीच टाइप केलं, ते तर नमुन्यात होतंच. मला त्या वेळी बोलता आलं असतं. माझी आई पथारीवर देठ खुडायला बसलेली बाई. ती सांगायची, "देठ खुडेल मिरची दयाले जास व. ठेवाले देठवालीच लागस." खुडलेली मिरची चक्कीवर दळायला जाते, वर्षभर टिकवायची मिरची देठासकट ठेवतात. ज्या माणसानं उभ्या जन्मात मिरची हातात धरली नाही तो वर्षानुवर्षं मिरचीची उपमा देत होता, आणि पथारीवर वाढलेली मी गप्प बसून ती टाइप करत होते. फक्त एक केलं. रमिलाचा तो वहीचा कागद सरांनी टोपलीत टाकला, तो मी काढून माझ्या खणात ठेवला.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, तीच महत्त्वाची. डोंगरातल्या गावांना मोबाइलची रेंज नाही. म्हणून तिकडच्या मुलांच्या कागदावर सर स्वतःचा नंबर घालत. "कॉल माझ्याकडे येऊ द्या. प्रोफेसर बोलला की वजन पडतं." पडत असेलही. पण त्यामुळे डोंगरातल्या प्रत्येक मुलाच्या नशिबाची घंटा देवरे सरांच्या खिशात वाजायची.

आठ-दहा दिवसांनी ती वाजली. सर बडीशेप चघळत होते. फोन उचलून ते खुर्चीत ताठ झाले. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू येत नव्हतं, पण सरांची उत्तरं ऐकली तरी पुरे होतं.

"येस, रमिला वसावे, व्हेरी गुड स्टुडंट... काय? भिली?" सर हसले. "छे छे छे, काय बोलताय साहेब! तसलं काही नाही. मुलगी एकदम शुद्ध मराठी बोलते. आम्ही तयार केलेली आहे ती. अजिबात तिकडची वाटणार नाही. गावाशी आता तसा संबंधही राहिला नाही तिचा."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शाबासकी मिळावी तसं. मी म्हटलं, "सर, अहो, त्यांना तीच भाषा येणारी हवी आहे. जाहिरातीत आहे. आत्ताच्या आत्ता परत फोन करा."

"मॅडम," सर म्हणाले, "तुम्ही टाइप करा."

"सर, पोरीच्या पोटावर पाय येतोय."

"आपण परत फोन केला तर त्यांना काय वाटेल? आधी एक बोलला, आता एक बोलतो. समोरचा बघत असतो."

चूक कळली होती त्यांना. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कळली होती. पण एक फोन करून 'माझं चुकलं' म्हणण्यापेक्षा पोरगी ऊस तोडायला गेली तरी चालेल, असा तो हिशेब होता. त्या क्षणी हा माणूस माझ्या मनातून उतरला तो कायमचा. मूर्खाची कीव करता येते. हे मूर्खपण नव्हतं.

मी संस्थेचा नंबर शोधून दुपारी फोन केला. मी कोण, तर टायपिस्ट. पलीकडचा माणूस नीट बोलला, पण म्हणाला, सरांनीच सांगितलंय की तिला येत नाही, तुम्ही म्हणता येते, मुलीलाच उद्या पाठवा. उद्या! मी चिठ्ठी लिहून मोलगीच्या जीपवाल्याकडे दिली. त्यानं बाजारात तिच्या गावाकडच्या माणसाकडे दिली, त्यानं होडीतून नेली. रमिला चौथ्या दिवशी आली, चपला हातात घेऊन, पाय चिखलानं भरलेले. जागा आदल्या दिवशी भरली होती. नाशिककडची एक मुलगी घेतली होती म्हणे, तिच्यासाठी दुभाषी ठेवणार होते.

रमिलानं सरांना विचारलं, "सर, तुम्ही त्यांना काय सांगितलं?" तिचा आवाज चढला नव्हता. आमच्याकडची मुलं मास्तरांवर आवाज चढवत नाहीत, तेवढ्यावरच अशा मास्तरांचं निभावतं.

"मी तुझी बाजूच मांडली बेटा," सर म्हणाले. "तुझंच नशीब..." आणि त्यांनी डबी पुढे केली. "बडीशेप घे."

तिनं घेतली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी लिहिलेला कागद आहे का?" मी खणातून काढून दिला. तिनं हिरव्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं, घडी घालून ब्लाउजात ठेवला आणि गेली. त्या दिवाळीनंतर ती बापासोबत बारडोलीकडे ऊस तोडायला गेली. सहा महिने. हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. त्या सहा महिन्यांत मी रोज त्याच खोलीत बसून त्याच नमुन्यात नावं बदलत होते. मला माझीही लाज वाटायची, पण सरांच्या तुलनेत कमी, आणि त्या तुलनेवर मी दिवस ढकलत होते.

पुढच्या वर्षी नाशिकची मुलगी काम सोडून गेली. रमिला तोच घडीचा कागद घेऊन स्वतः संस्थेत जाऊन उभी राहिली. हिरव्या रेघांसकट. त्यांनी तिला त्याच दिवशी घेतलं.

सर निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली. मला वाटलं, सुटका. पण वर्षभरानं एक दिवस अकराच्या सुमारास ते दारात उभे. तेच कपडे, फक्त गळा मोकळा. खिळ्यावर त्यांचा टाय तसाच होता. नवीन प्रमुखांना टाय लागत नसे आणि मलाही तो काढून टाकायला हात लावावासा वाटला नव्हता. सरांनी तो झटकला, डोक्यातून घातला आणि जुन्या खुर्चीत बसले.

"मॅडम, माझा एक रेझ्युमे टाइप करायचाय."

डोंगरातल्या मुलांना नोकरीसाठी तयार करायला एका संस्थेला प्रशिक्षक हवा होता. पेन्शन व्यवस्थित होती, मुलगा पुण्याला होता, गरज काहीच नव्हती. पण घरी बसून टाय कुणासाठी घालायचा? सर सांगत गेले, मी टाइप करत गेले. कष्टाळू, सकारात्मक. वाचन, संगीत व क्रिकेट. भाषा आल्या. मी विचारलं, "तीनच ना?"

सरांनी घसा साफ केला. "नाही. लिहा. मराठी, हिंदी, इंग्रजी, अहिराणी, भिली."

मी हात थांबवले. "भिली, सर?"

"जाहिरातीत मागितलीय. येते थोडी. बाजारात ऐकलीय." मग माझी नजर चुकवून म्हणाले, "आणि कॉन्टॅक्ट नंबर सेलचा द्या. ऑफिसात कॉल आला की वजन पडतं."

टाइप केलं. एवढी वर्षं पोरांचं केलं, एकदा त्यांचं. त्यानंतर सर रोज अकराला येऊन बसायला लागले, टाय घालून, फोनची वाट पाहत. आठव्या दिवशी टेबलावरचा सेलचा मोबाइल वाजला. मी उचलला.

"मॅडम, ओळखलं का? रमिला."

ओळखलं. संस्था तीच होती आणि रमिला आता तिथे गावांच्या कामाची प्रमुख होती. हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जाहिरात वाचली होती, संस्थेत कोण आहे ते बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. रमिला म्हणाली, "देवरे सरांचा अर्ज आलाय. भिली येते असं लिहिलंय. येते का त्यांना?"

समोर सर खुर्चीच्या टोकावर आले होते. कोण आहे ते त्यांना कळलं नव्हतं, पण फोन आपलाच हे कळलं होतं. ते माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होते. हो म्हणा, हो म्हणा. चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. 'नाही' हा एक शब्द माझ्या जिभेवर होता आणि तो म्हणायची केवढी हौस होती मला. पण तो मी का म्हणू? मी म्हटलं, "ते इथेच बसलेत. तूच विचार, भिलीतूनच." आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

सरांनी गाठ वर सरकवली. मोबाइल कानाला लावला. सेलचा तो जुना मोबाइल, त्यातला आवाज खोलीभर ऐकू येतो. वसतिगृहाच्या मुलींबरोबर बसून बसून चार वाक्यं मलाही कळायला लागली होती. रमिलानं काही अवघड विचारलं नाही. भिलीतून तिनं एवढंच विचारलं, सर, मी कोण ते ओळखलंत का?

"येस मॅडम!" सर म्हणाले. "व्हेरी फ्लुएंट!"

मग फोन कट झाला. टुक् असा आवाज मी ऐकला. पण सर बोलतच राहिले. "येस... शुअर... ऑफ कोर्स मॅडम... बिहेवियर, पंक्च्युअलिटी, एव्हरीथिंग... मंडे? मंडे चालेल... थँक यू, थँक यू." मध्ये मध्ये थांबत होते, कोणी बोलत असेल तेवढं थांबत होते, आणि मान डोलावत होते. मोबाइलचा पडदा काळा पडला होता.

आयुष्यात एकदा तरी यांची फजिती बघायची माझी इच्छा होती. ती बघून मला काही गोड वाटलं नाही. मी म्हटलं, "सर, फोन केव्हाच कट झालाय."

त्यांनी मोबाइल कानावरून काढला आणि टेबलावर ठेवला, कडेला समांतर.

"माहीत आहे, मॅडम."

"मग कशाला बोलत बसलात?"

सरांनी डबी काढली, उघडली. ती रिकामी होती. ती त्यांनी तशीच बंद करून खिशात टाकली.

"तुम्ही बघत होतात ना," ते म्हणाले.

मग त्यांनी टाय डोक्यातून काढला, खिळ्यावर अडकवला, तो नीट लटकतोय का ते बघितलं आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडले.